चार वर्षांच्या मुलाच्या छातीत 'मर्मर' (हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू आला, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. तरी त्याला पळू-खेळू द्यावं का?
हो, बिनधास्त पळू द्या; पोहणं, सायकल, कबड्डी, कशालाच बंदी नाही. तीन ते सात वर्षांच्या मुलांत असा आवाज फार सर्रास सापडतो. लहान मुलाची छाती पातळ असते, त्यामुळे निरोगी हृदयातून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज स्टेथोस्कोपला सहज ऐकू येतो. यातल्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराचं वर्णन जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने 1909 मध्येच करून ठेवलंय, म्हणून त्याला 'स्टिल्स मर्मर' म्हणतात. ताप, रक्तक्षय किंवा धावपळीनंतर तो मोठा ऐकू येतो, मूल उठून बसलं की बहुधा मंदावतो. पुढच्या तापात नवे डॉक्टर "मर्मर आहे" म्हणाले तर दचकू नका, आधीचा इको रिपोर्ट दाखवा. लसी नेहमीप्रमाणे द्या. दातांच्या उपचाराआधी यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. नातेवाईक "हृदयाला छिद्र आहे म्हणे" असं पसरवतील, त्यांना तिथेच थांबवा, कारण मुलं ते ऐकतात आणि स्वतःला आजारी समजू लागतात.

मात्र निरुपद्रवी म्हणजे आजच्या तपासणीपुरतं. पुढे यातलं काही दिसलं तर पुन्हा दाखवा:
- खेळताना चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं
- ओठ-जीभ निळी पडणं
- वजन न वाढणं, थोड्याशा श्रमानेही धाप लागणं
- घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि सांधे सुजणं. संधिवाताचा ताप आपल्याकडे अजून आहे आणि तो हृदयाच्या झडपा खराब करतो