ती अँटेना तिला परत द्या

पत्राचा सारांश : मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले, त्याच दिवशी आम्ही ठरवले की तिने एरोस्पेस इंजिनिअरिंग करायचे. बारावीनंतर तिला अमेरिकेत पाठवायचे आणि पुढे स्पेसएक्समध्ये नोकरी, अशी आमची योजना आहे. त्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढायचीही तयारी आहे. सराव परीक्षेत तिला रसायनशास्त्रात कमी गुण मिळतात. अभ्यास सोडून ती तांब्याच्या तारेची अँटेना घेऊन गच्चीवर बसते आणि लॅपटॉपवर ढगांची पट्टेदार, अर्धवट चित्रे काढत राहते. शेवटी आम्ही लॅपटॉप आणि अँटेना कपाटात ठेवून कुलूप लावले, तेव्हापासून ती कोणाशी नीट बोलत नाही. हे पत्र तिला न सांगता लिहीत आहे. तिचे लक्ष अभ्यासाकडे कसे वळवावे?

स. न.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात रसायनशास्त्राचे गुण डोळ्यांत भरले, पण दुसऱ्या वाचनात त्यांची काळजी उरली नाही. काळजी वाटली ती ‘आम्ही’ या शब्दाची. आम्ही ठरवले, आमची योजना, आमची तयारी. आणि ज्या मुलीच्या आयुष्याची ही योजना आहे, तिचे म्हणणे मात्र पत्रात एका वाक्यानेही आलेले नाही. तिला काय व्हायचे आहे, हे आपण लिहिलेले नाही. कदाचित विचारलेलेही नसावे. विचारले असते, तर तिने जे उत्तर दिले असते, ते आपण तक्रार म्हणून लिहिलेल्या गच्चीवरच्या त्या दोन ओळींतच सापडले असते, असे मला वाटते.

आपली मुलगी गच्चीवर नेमके काय करते, ते आधी सांगू द्या. पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून फिरणारे हवामान उपग्रह आठशे किलोमीटरहून अधिक उंचीवरून जात असतात आणि त्यांपैकी काही १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास आपली चित्रे रेडिओवरून सतत खाली पाठवत असतात. ही चित्रे पकडण्यासाठी साधारण अर्ध्या मीटरच्या दोन तारा ठरावीक कोनात लावाव्या लागतात, कारण त्या लहरीची लांबी सव्वादोन मीटरच्या जवळपास असते आणि तारेची लांबी तिच्या सुमारे पाव हिश्शाची असावी लागते. उपग्रह क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तो जवळ येत असताना त्याची वारंवारिता किंचित वाढलेली आणि दूर जाताना किंचित घटलेली दिसते; हा फरक काही हजार हर्ट्झचा असतो. शेजारच्या एखाद्या एलईडी दिव्याच्या सर्किटमधून गोंगाट आला किंवा पाण्याची टाकी आड आली, की चित्रात पट्टे उमटतात. ज्यांना आपण अर्धवट चित्रे म्हणता, ती बारावीतल्या मुलीने स्वतःच्या हाताने बनवलेल्या तारेवर अवकाशातून उतरवलेली चित्रे आहेत. वारंवारितेतल्या या बदलाला डॉप्लर परिणाम म्हणतात; भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून तिने तो पाठ केला असेल. गच्चीवर तिने तो प्रत्यक्ष अनुभवला आहे. माझ्याकडे अवकाश क्षेत्रात जायचे म्हणून पुष्कळ मुले येतात, पण त्यांतल्या बहुतेकांनी रॉकेटच्या चित्रफिती पाहिलेल्या असतात. उपग्रहाशी स्वतः संबंध जोडलेली मुले फार थोडी असतात. अशा मुलीचे साधन आपण कुलपात ठेवले आहे. हे मी कठोरपणे लिहीत आहे, याची मला जाणीव आहे.

आता आपल्या योजनेतल्या एका मोठ्या गैरसमजाबद्दल लिहितो, कारण त्यावर घर तारण पडणार आहे. अमेरिकेतली पदवी मिळाली की तिथल्या रॉकेट कंपनीचे दार उघडते, असे आपण गृहीत धरले आहे. तसे होत नाही. रॉकेटचे तंत्रज्ञान आणि क्षेपणास्त्राचे तंत्रज्ञान यांत फार अंतर नसल्यामुळे अमेरिकेने प्रक्षेपण यानांना शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचे नियम लावले आहेत. ‘आयटार’ या नावाने ते ओळखले जातात. या नियमांनुसार एखादा तांत्रिक आराखडा परक्या नागरिकाला अमेरिकेतल्याच कार्यालयात नुसता दाखवणे हीदेखील निर्यातच समजली जाते आणि त्यासाठी सरकारी परवाना लागतो. म्हणूनच स्पेसएक्सच्या नोकरीच्या जाहिरातींत अमेरिकेचे नागरिक, तिथले कायमचे रहिवासी, निर्वासित किंवा आश्रय मिळालेले, नाहीतर अमेरिकी सरकारची आवश्यक परवानगी मिळू शकणारे अशाच उमेदवारांची अट स्पष्ट लिहिलेली असते. विद्यार्थी व्हिसावर शिकलेली भारतीय मुलगी वर्गात पहिली आली, तरी या अटीत सहसा बसत नाही. आणि भारतात जन्मलेल्यांना नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्यासाठी किती वर्षे ताटकळावे लागते, हे आपण ऐकून असालच. युरोपीय अंतराळ संस्थेतही नोकरीसाठी प्रामुख्याने सदस्य देशांच्या नागरिकांचाच विचार होतो. शिक्षणासाठी परदेशी जाऊ नये, असे मी म्हणत नाही. पण ज्या एका नोकरीच्या भरवशावर आपण घर तारण ठेवायला निघाला आहात, त्या नोकरीसाठी तिला बहुधा अर्जही करता येणार नाही, हे कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आपल्याला ठाऊक असायला हवे.

शुभांशू शुक्ला यांच्याबद्दल एवढेच सांगतो की ते भारतीय हवाई दलातले चाचणी वैमानिक आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी जाहीर झालेल्या चार नावांपैकी ते एक असून चौघेही हवाई दलाचेच आहेत. एरोस्पेसची पदवी घेऊन थेट अंतराळवीर होण्याचा रस्ता आज आपल्याकडे नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अवकाश म्हणजे रॉकेट आणि रॉकेट म्हणजे एरोस्पेस, हे समीकरण मनातून काढून टाकावे. रॉकेट डोळ्यांना दिसते, म्हणून बातमी त्याची होते. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या स्टारशिपचा महाकाय बूस्टर मनोऱ्याच्या हातांनी हवेतच झेलला गेला, तेव्हा साऱ्या जगाने ते पाहिले. पण चंद्रावर उतरू पाहणाऱ्या खाजगी यानांचे काय झाले, ते पाहा. एप्रिल २०२३ मध्ये आयस्पेस या जपानी कंपनीचे यान विवराच्या कड्यावरून पुढे सरकले. खालची जमीन एकदम खोल गेल्याचे सेन्सर बरोबर सांगत होता, पण संगणकाने तो बिघडला असे समजून त्याचे ऐकणे थांबवले. यान पृष्ठभागापासून सुमारे पाच किलोमीटर वर असताना आपण जमिनीवर पोहोचलो, असे संगणकाला वाटले आणि इंधन संपल्यावर ते कोसळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंट्युइटिव्ह मशीन्स या अमेरिकी कंपनीचे ‘ओडिसियस’ यान चंद्रावर पोहोचले खरे, पण उंची मोजणाऱ्या लेझरचा एक सुरक्षा स्विच उड्डाणापूर्वी जमिनीवरच सुरू करायचा राहून गेला होता. ते यान शेवटी कलंडले. दोन्ही वेळा इंजिने चालली होती. चूक झाली ती मोजमापात आणि त्याचा अर्थ लावण्यात. आपल्या चांद्रयान ३ च्या बाबतीतही २३ ऑगस्ट २०२३ च्या अवतरणाच्या दोन दिवस आधी विक्रम लँडरचा २०१९ पासून चंद्राभोवती फिरत असलेल्या चांद्रयान २ च्या ऑर्बिटरशी दुहेरी संपर्क जोडला गेला होता. सेन्सर, संदेशवहन, उपग्रहाशी जमिनीवरून संपर्क ठेवणारे भूकेंद्र, सॉफ्टवेअर : या क्षेत्रातले फार मोठे काम इथे चालते आणि आपली मुलगी नेमकी याच बाजूने त्यात शिरली आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की तिने इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेचा विचार करावा. संगणकशास्त्राची जोड हवी असल्यास ती पुढे घेता येते. जेईई, सीईटी, तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश शिक्षणसंस्थेसाठी जेईई ॲडव्हान्स्ड, आणि पदवीनंतर गेट परीक्षा किंवा इस्रोची स्वतःची भरती, हे मार्ग आपल्याला माहीत असतीलच. महाविद्यालय निवडताना मात्र तिथे विद्यार्थ्यांचा उपग्रह किंवा भूकेंद्राचा गट आहे का, याची चौकशी अवश्य करावी. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटमधून कक्षेत गेला आणि त्याचे काम हौशी रेडिओच्या (हॅम रेडिओच्या) लहरींवरून संदेशांची देवाणघेवाण करण्याचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. अशा गटात चार वर्षे राबलेला विद्यार्थी मुलाखतीला बसतो, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे स्वतःचे काम असते.

नोकऱ्यांचे क्षेत्रही आता केवळ सरकारी राहिलेले नाही. २०२० मध्ये सरकारने हे क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले केले आणि त्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था उभी केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट या भारतीय कंपनीचे ‘विक्रम-एस’ आणि मे २०२४ मध्ये अग्निकुलचे एकसंध त्रिमितीय छपाईचे इंजिन असलेले रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले, तर पिक्सेलने २०२२ मध्ये आपले पृथ्वीनिरीक्षक उपग्रह कक्षेत सोडायला सुरुवात केली. या कंपन्यांत तरुण अभियंत्यांना लवकर जबाबदारी मिळते. मात्र हा धंदा जोखमीचा आहे, हेही मला लपवायचे नाही. व्हर्जिन ऑर्बिट ही उपग्रह सोडणारी नावाजलेली कंपनी जानेवारी २०२३ मधल्या एका फसलेल्या उड्डाणानंतर तीनच महिन्यांत दिवाळखोरीत गेली. इलेक्ट्रॉनिक्सची पायाभूत पदवी असलेला अभियंता अशा वेळी दुसऱ्या क्षेत्रात सहज जाऊ शकतो. केवळ एरोस्पेसवर विसंबलेल्याला ते जड जाते.

राहिले रसायनशास्त्र. प्रवेश परीक्षेत त्याचे गुण मोजले जातात, तेव्हा तिने ते करायलाच हवे आणि आठवड्याचे ठरावीक तास त्याला द्यायलाच हवेत. पण लॅपटॉप कुलपात गेल्यामुळे तिचे रसायनशास्त्र सुधारले, असे आपणही पत्रात कुठे लिहिलेले नाही. सुधारले असते, तर मला पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.

आपण हे पत्र तिच्या नकळत लिहिले, ते तिला सांगावे, अशी माझी विनंती आहे. दुसऱ्यांकडून कळले, तर तिला जास्त लागेल. मग कपाट उघडून दोन्ही वस्तू तिच्या हाती द्याव्यात आणि एखाद्या संध्याकाळी उपग्रह येण्याच्या वेळी आपणही तिच्यासोबत गच्चीवर जावे. पहिली काही मिनिटे नुसती खरखर ऐकू येईल, ती ऐकावी. हौशी रेडिओ परवान्याची परीक्षा देण्यासाठी आपल्या देशात वयाची किमान अट १२ वर्षांची आहे. बारावीची परीक्षा झाली की तिने ती द्यावी, म्हणजे नुसते ऐकण्यावरून तिला बोलण्यापर्यंत जाता येईल.

पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. कोणत्या शाखेला किती पसंती द्यायची, हे मी तिच्याशीच बोलेन. त्यासोबत तिने आपल्याला मिळालेले सर्वांत चांगले चित्र पाठवावे आणि त्यातले पट्टे कशामुळे आले असावेत, याबद्दल तिला काय वाटते, तेही लिहावे.