कर्नलच्या सुरक्षेत करिअर : आधी एक जुना प्रोग्राम बंद पाडून बघ

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सुरक्षेत करिअर करायचं आहे. सुरक्षेचे सगळे पर्याय चालू करून कर्नल बिल्ड केला, तर सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सचा कंटेनर (त्याच कर्नलवर चालणारी वेगळी बंदिस्त प्रणाली) १३९ कोड देऊन लगेच बंद पडतो. सुरक्षा वाढवली की जुनं मोडणारच का? काय शिकू?

उत्तर : १३९ म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ नंबरचा सिग्नल म्हणजे सेगफॉल्ट, प्रोग्रामने परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला. तुझ्या बिल्डमध्ये बहुतेक ‘व्हीसिस्कॉल’ पूर्ण बंद, म्हणजे ‘नन’वर गेलंय. डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, उघड, तसा मेसेज मिळेल.

कर्नलला वेळ विचारण्यासारखे तीन कॉल झटपट व्हावेत म्हणून ६४-बिट लिनक्सने प्रत्येक प्रोसेसमध्ये एक पेज, म्हणजे मेमरीचा तुकडा, कायम एकाच पत्त्यावर ठेवलं होतं; तेच व्हीसिस्कॉल. हल्लेखोराला पत्ते ओळखता येऊ नयेत म्हणून एएसएलआर बाकी सगळ्यांचे पत्ते हलवतं, हे मात्र जागचं हलत नाही. हल्लेखोराला आयती जागाच. पण २.१४ च्या आधीची जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती सी लायब्ररी) तिथेच जाते, आणि सेंटओएस ६ मध्ये २.१२ आहे. पेज काढलं की कंटेनरमधला बॅश, म्हणजे कमांड चालवणारा शेलच, कोसळतो.

२०११ मध्ये, ३.१ कर्नलमध्ये, ‘इम्युलेट’ हा व्हीसिस्कॉलचा मधला पर्याय आला. पत्ता तोच, पण तिथली सूचना (इन्स्ट्रक्शन) थेट चालत नाही. प्रोग्राम तिथे गेला की कर्नल त्याला अडवतो आणि काम स्वतः करून देतो. वेग घटतो, जुनं चालतं. नंतरच्या ‘एक्सओन्ली’त ते पेज वाचताही येत नाही. बूट पॅरामीटरमध्ये ‘एक्सओन्ली’ टाक आणि कंटेनर पुन्हा चालव. हे क्यूईएमयूमध्ये, म्हणजे आभासी मशीनवर, कर, लॅबच्या मशीनवर नको.

सगळीकडे असा मधला रस्ता निघत नाही. २०१२ मध्ये ३.६ कर्नलने सिमलिंक आणि हार्डलिंकवरचे (एका फाइलकडे दुसऱ्या नावाने नेणाऱ्या दुव्यांवरचे) निर्बंध आपोआप चालू ठेवले. टेम्प डिरेक्टरीतले हल्ले रोखायला ते उत्तम, पण चालते प्रोग्राम मोडले. ३.७ मध्ये ते डीफॉल्ट बंद झाले. कोड कर्नलमध्येच राहिला आणि डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या तयार आवृत्त्या देणाऱ्यांनी) सिस्कंट्रोलमधून, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंगमधून, तो चालू केला. म्हणून पर्याय कोणत्या पातळीवर द्यायचा, बिल्ड, बूट की सिस्कंट्रोल, हा या धंद्यातला रोजचा प्रश्न. माझ्या मते मुलाखतीतही तोच विचारायला हवा.

शिकायचं म्हणशील तर सी पक्की हवी, असेंब्ली वाचता यावी, गिटमधून पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ईमेलने पाठवता यावा. सर्टिफिकेटांच्या मागे लागू नकोस. स्वीकारले गेलेले चार पॅच जास्त बोलतात. डिस्ट्रो, चिप, अँड्रॉइड आणि क्लाउडच्या कंपन्यांत हे काम असतं.

सुरुवातीला लोक मजकूर कॉपी करणारं जुनं फंक्शन ‘स्ट्रएनकॉपी’ बदलून नवं ‘स्ट्रएसकॉपी’ करण्याचे पॅच देतात. सोपं वाटतं, पण तिथेच फसतात. जुनं फंक्शन उरलेली जागा शून्यांनी भरतं, नवं भरत नाही. ती जागा ज्या स्ट्रक्टमध्ये आहे तो पुढे यूजरस्पेसला, म्हणजे साध्या प्रोग्रामांकडे, कॉपी होत असेल, तर कर्नलच्या मेमरीतले जुने बाइट बाहेर जातात, म्हणजे सुरक्षेच्या पॅचनेच गळती. तिथे उरलेली जागा शून्यांनी भरणारं ‘पॅड’वालं रूप हवं. आणि फील्ड शेवटच्या शून्याशिवाय पूर्ण भरायचं असेल, तर नवं फंक्शन शेवटचं अक्षर खातं आणि डिस्कवरचा जुना फॉरमॅट बिघडतो. पॅच पाठवण्याआधी तो बफर पुढे कुठे कुठे जातो, ते शेवटपर्यंत शोध आणि पॅचच्या वर्णनात लिही. पॅच स्वीकारणारा मेंटेनर आधी तेच वाचतो.