वाचकांचे प्रश्न : दिवा मंद केला की एफिशिअन्सी का कोसळते?

प्रश्न : रस्त्यावरच्या दिव्यांसाठी आम्ही १५० वॅटचा एलईडी ड्रायव्हर बनवतो. आधी क्रिटिकल मोडमधला (कॉइलचा करंट शून्यावर आला की स्विच पुन्हा ऑन होतो असा) बूस्ट पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारा टप्पा, मग ४०० व्होल्टची बस (दोन टप्प्यांमधली डीसी लाइन), पुढे एलएलसी (दिव्याला वीज पुरवणारा रेझोनंट कन्व्हर्टर). २३० व्होल्टला फुल लोडवर ९३ टक्के एफिशिअन्सी मिळते. मध्यरात्रीनंतर डिमिंग करून १५ वॅटवर आणलं की ती ७४ टक्क्यांवर येते आणि पॉवर फॅक्टरही (खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) पडतो. पीएफसीतला ०.१९ ओहमचा मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) काढून ०.१ ओहमचा टाकावा का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : मॉसफेट अजिबात बदलू नका. १५ वॅटला पीएफसी मेन्सकडून १०० मिलिअँपिअरही ओढत नाही. ०.१९ ओहममध्ये त्याची उष्णता जेमतेम एक-दोन मिलिवॅट. तुमचे हरवलेले ५ वॅट तिथे नाहीत. उलट कमी ओहमचा मॉसफेट म्हणजे मोठी डाय (आतला सिलिकॉनचा तुकडा) आणि जास्त आउटपुट कपॅसिटन्स. हलक्या लोडला तोच महागात पडतो.

आधी एलएलसी वेगळा मोजा. पीएफसी बंद ठेवून बसवर बेंच सप्लायने ४०० व्होल्ट डीसी द्या (जपून!) आणि १५ वॅटला तो एकटा किती खातो ते टिपून ठेवा. बरेचदा निम्मा दोष तिथेच निघतो आणि लोक पीएफसीला झोडपत बसतात.

मग स्कोपचा प्रोब पीएफसीच्या मॉसफेटच्या गेटवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर) लावा. क्रिटिकल मोडमध्ये लोड घटला की ऑन-टाइम घटतो आणि फ्रीक्वेन्सी चढते. फुल लोडला ७० किलोहर्ट्झ असलेलं सर्किट ३०० च्या वर सहज जातं. मॉसफेटच्या ड्रेनवर (आउटपुटच्या टोकावर) १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. ४०० व्होल्टला ऑन केलं तर दर खेपेला ८ मायक्रोज्यूल जळतात. ३०० किलोहर्ट्झला झाले २.४ वॅट. ‘आमची आयसी व्हॅलीत (ड्रेनचं व्होल्टेज हेलकाव्यात सर्वांत खाली असताना) ऑन करते’ असं तुम्ही म्हणाल. पण व्हॅलीचा तळ असतो इनपुटच्या दुपटीतून बस वजा केल्यावर उरतो तेवढा. २३० व्होल्टच्या पीकला, म्हणजे ३२५ ला, तो २५० व्होल्ट येतो. आपल्याकडच्या मेन्सवर व्हॅली पूर्ण वाचवत नाही. शिवाय गेट ड्राइव्ह आणि चोकच्या (कॉइलच्या) कोअरचं नुकसान आहेच.

म्हणून खरा उपाय एकच : हलक्या लोडला फ्रीक्वेन्सी खाली आणणारी आयसी. ऑनसेमीची एनसीपी १६११ करंट घटत जाईल तशी फ्रीक्वेन्सी २० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत उतरवते. बर्स्ट मोडचाही (थोडा वेळ स्विचिंग, मग थांबा) सल्ला तुम्हाला कोणी देईल. लॅपटॉपच्या अडॅप्टरला तो ठीक. इथे बसवर हळू रिपल (व्होल्टेजचा चढउतार) येतो, एलएलसीच्या लूपने तो नीट दाबला नाही तर दिवा लुकलुकतो, आणि चोक गुणगुणतो तो कुणाच्या तरी खिडकीबाहेर. मी तरी रस्त्याच्या दिव्यात बर्स्ट वापरणार नाही.

पॉवर फॅक्टरचं दुखणं वेगळं आहे. फिल्टरमध्ये ०.४७ मायक्रोफॅरडचे दोन एक्स कपॅसिटर (मेन्सच्या दोन तारांमध्ये बसणारे) असतील, तर २३० व्होल्टला त्यांतून सुमारे ६८ मिलिअँपिअर जातात, म्हणजे १५-१६ व्हीएआर (काम न करता नुसती ये-जा करणारी पॉवर). २० वॅट घेताना तेवढ्यानेच पॉवर फॅक्टर ०.७९ होतो. हे कपॅसिटर ब्रिजच्या अलीकडे, मेन्सच्या बाजूला बसतात, त्यामुळे साधी पीएफसी आयसी बदलून हा आकडा सुधारत नाही. कपॅसिटर लहान करा, बदल्यात डिफरन्शियल चोक वाढवा, आणि ईएमआयची (विद्युत गोंगाटाची) चाचणी फुल लोडला पुन्हा घ्या.