मुलीचं नाव पणजीवरून ‘यमुना’ ठेवायचंय, आम्हा दोघांनाही ते आवडतं, पण सगळे ‘यमी’ म्हणतील अशी भीती वाटते. ठेवावं का?

ठेवा. पणजीचं नाव आहे, पूर्ण नाव तुम्हा दोघांनाही आवडतंय, मग नुसत्या ‘यमी’पायी ते सोडण्यात अर्थ नाही. मात्र ‘आता कोण यमी म्हणतंय, काळ बदलला’ असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. म्हणणारच. त्याआधी तुम्ही दुसरी हाक रुळवता की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मराठीत हाकेचं नाव ठरावीक पद्धतीनं पडतं. नावाचा पुढचा तुकडा घ्यायचा आणि त्याला ई किंवा ऊ लावायचा. गोदावरीची गोदी, चंद्रभागेची चंद्री, सरस्वतीची सरू, इंदिरेची इंदू. यातल्या ईकारान्त नावाची एक खोड आहे. हाक मारताना शेवटच्या ई-चा ए होतो आणि आवाज आपोआप चढतो: ‘यमे, ऊठ!’ पुढे चिडून ‘यमडे’ही होतं. जुन्या नावांना जो खेडवळ म्हणा, दरडावणीचा म्हणा, वास येतो तो बहुतेक या ‘ए’चा असतो, नावाचा त्यात दोष नाही. ऊकारान्त नावाचं तसं होत नाही. ‘यमू’ला हाक मारली तरी ती यमूच राहते आणि लाड आले की फार तर ‘यमुडी’ होते.

तेव्हा पाळण्यापासूनच ‘यमू’ म्हणा. ज्या माणसांच्या हातात बाळ दिवसभर असतं, त्यांच्या तोंडचीच हाक टिकते. म्हणजे आजी, आत्या आणि सांभाळायला येणाऱ्या मावशी. त्यांना आधीच सांगून ठेवा. बाहेर गेलेल्या बापानं संध्याकाळी येऊन कितीही ‘यमुना’ म्हटलं तरी उपयोग नाही. कोणी ‘यमी’ म्हणालंच तर भांडू नका, कारण चिडवायचं नाव चिडण्यावरच जगतं. तुम्ही उत्तरात ‘यमू झोपलीये’ म्हणा, बास. ‘यमी’ टाळायला नावाचा मागचा तुकडा घ्यावा असंही काही जण सुचवतील. पण ‘मुना’चं आठवड्यात ‘मुन्नी’ होतं आणि ‘मुनी’ तर दाढीवाला. त्या वाटेला जाऊ नका.

दुसरा आक्षेप यमाचा. यमी ही यमाची जुळी बहीण आणि पुराणांत तीच यमुना, हे खरंच आहे. दोघंही सूर्य आणि संज्ञेची मुलं. पण आपण दरवर्षी भाऊबीज साजरी करतो ती याच बहिणीची. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम तिच्याकडे जेवायला गेला, म्हणून ती यमद्वितीया. चौथी-पाचवीत कोणी ‘यमराज’ म्हणून चिडवलंच, तर ‘हो, तो माझ्याकडे ओवाळून घ्यायला येतो’ हे उत्तर मुलीच्या हाताशी असलं पाहिजे, म्हणून ही गोष्ट तिला लहानपणीच सांगा. एखादे बरंच वाचन असलेले काका ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं यम-यमी संवादाचं सूक्त काढतील. त्यात यमी भावाकडेच समागम मागते आणि तो नकार देतो. ते सूक्त आहे, नाकारायचं कारण नाही. पण ही चाळणी लावली तर निम्मी पौराणिक नावं बाद होतील.

आजच्या काळातला खरा धोका वेगळाच आहे आणि त्याकडे घरच्यांचं लक्ष नसतं. इंग्रजी शाळेत ‘यमी’ कानाला थेट ‘यम्मी’ लागतं. बालवाडीपासून दुसरीपर्यंत डब्याच्या वेळी हा विनोद होणारच. नंतर तो आपोआप शिळा होतो. ‘यमू’ रुळलेलं असेल तर मुळात सुरूच होत नाही. गंमत म्हणजे ‘यमी’ इंग्रजीत लिहिलं की लोक ‘यामी’ वाचतात, आणि त्या नावाची अभिनेत्री असल्यामुळे ते आज कोणालाच जुनाट वाटत नाही. मुलीनं मोठेपणी ते उचललं तर उचलू द्या.

नाव मागे का पडलं? एकेकाळी ते घरोघर होतं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुनाच, रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. लग्नात नाव बदललं आणि आपल्याला आठवतात त्या आनंदी आणि रमा. नंतर नद्यांची लांब नावं सरसकट आजीच्या पिढीची ठरली, आणि आता दोन अक्षरी नावांची गर्दी झाल्यावर नद्या परत येताहेत: रेवा, शरयू, कावेरी. यमुना त्याच ओळीत बसते, आणि वर्गात तिच्याच नावाची दुसरी असायची शक्यता कमी. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे लावणी जाणणाऱ्या घरात या नावाला आजही वजन आहे.

काही बारीक गोष्टी. आडनाव ‘ना’नं सुरू होत असेल तर (नाईक, नाडकर्णी) दोन ‘ना’ एकमेकांवर आपटतात. मोठ्यानं म्हणून बघा. विभक्ती आत्ताच ठरवा: नदी असेल तर ‘यमुनेचं पाणी’, पण आज मुलीसाठी ‘यमुनाचा डबा’च म्हणतात, आणि आजोबांनी ‘यमुनेला बोलाव’ म्हटलं तर ते चुकीचं नाही. दुसरी मुलगी झाली तर तिला गंगा करू नका. दोघी रडल्या की ‘आल्या गंगा-यमुना’ हे ठरलेलंच, शिवाय नागपुरात ‘गंगा-जमुना’ ही वस्ती देहविक्रयासाठी ओळखली जाते आणि तिकडच्या पाहुण्यांना तेच आधी आठवेल. नावरस बघत असाल तर ज्येष्ठा नक्षत्राची अक्षरं नो, या, यी, यू अशी आहेत. ‘य’ची नावं शोधताना लोक यामिनी, यशस्वीच्या पुढे जात नाहीत, तिथे यमुना चपखल बसते.

नोंदणीची घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे बारसं करा, महिना-दोन महिने ‘यमू’ घरात कशी ऐकू येते ते बघा आणि मग अर्ज द्या. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग जन्मभर चालतं. अर्जातले मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने स्वतः भरा: वाय, ए, एम, यू, एन, ए. ‘यू’च्या जागी दोन ‘ओ’ नकोत, शेवटी ‘एच’ नको. दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी तपासा, कारण हिंदीच्या सवयीनं कोणी ‘जमुना’ टंकलं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणं सोपं जातं.