संघर्ष कसला, गट्टी आहे की!

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा उत्पादकाने विचारलंय: "कांद्याच्या निर्यातीवर टीव्हीवर चर्चा चालली होती. एका पाहुण्याच्या नावाखाली पट्टी होती, 'शेती प्रश्नांचे ज्येष्ठ अभ्यासक'. नंतर कळलं की गृहस्थ एका निर्यात कंपनीचे सल्लागार आहेत. मुलगा म्हणाला, हा 'हितसंबंधांचा संघर्ष' आहे. आमचे वडील म्हणाले, 'संघर्ष कसला, गट्टी आहे की!' हा शब्द बरोबर आहे का? मराठीत याला आधीपासून काही म्हणत नव्हते का?"

वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझ्यासारखे कोश चाळणारे ज्यावर पानं खर्च करतात, ते दुखणं त्यांनी एका वाक्यात पकडलं.

मराठीत 'संघर्ष' म्हटला की दोन बाजू समोरासमोर उभ्या लागतात. मालक-कामगार, धरणाच्या वरचे आणि खालचे. 'शेतकरी आणि ग्राहक यांच्या हितसंबंधांचा संघर्ष' हे वाक्य कानाला खटकत नाही, कारण एकाला भाव चढायला हवा असतो, दुसऱ्याला उतरायला. पण 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' या ज्या इंग्रजी शब्दप्रयोगाचं हे भाषांतर आहे, त्यात दोन्ही बाजू एकाच माणसाच्या पोटात असतात. प्रेक्षकाला खरं सांगायचं हे एक काम, आणि ज्याच्याकडून मानधन येतं त्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही हे दुसरं. भांडण झालंच तर त्याच्या मनात व्हायचं, आणि पुष्कळदा तेही होत नाही. एक बाजू आधीच जिंकून बसलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला मग गट्टीच दिसणार.

मूळ 'इंटरेस्ट' हा शब्द लॅटिनमधला, 'मध्ये असणं' या अर्थाचा. आपण त्याची तिघांत वाटणी केली: बँकेत व्याज, नाटकात रस, कंपनीत हितसंबंध. यातलं 'व्याज' मोठं मजेदार आहे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. निंदेच्या आडून स्तुती किंवा स्तुतीच्या आडून निंदा करणारा व्याजस्तुती अलंकार शाळेत शिकलात, तो त्यावरूनच. 'निर्व्याज प्रेम' म्हणजे कपट नसलेलं प्रेम. बँकेशी त्याचा काही संबंध नाही. पण टीव्हीवरच्या पाहुण्याबद्दल 'निर्व्याज मत' असा प्रयोग केला तर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. हा प्रयोग मी बरीच वर्षं खपवायला बघतोय. कुणी उचलत नाही.

'हित' बिचारं सज्जन आहे. हितचिंतक, हितगुज, सगळी घरची माणसं. त्याला 'संबंध' जोडला आणि वर्तमानपत्रांनी 'हितसंबंधी मंडळी' लिहून लिहून त्याला पार वास आणला. आज कुणी कॅमेऱ्यासमोर 'माझे यात हितसंबंध आहेत' असं म्हणेल का? म्हणणार नाही, कारण ती कबुली वाटते. खरं तर ती नुसती माहिती असायला हवी होती.

आता आपले जुने शब्द. 'साटेलोटे' पहिला. मूळ अर्थ लग्नाचा: यांची मुलगी त्यांच्या घरी, त्यांची यांच्या घरी. म्हणजे देवघेव दोन्हीकडून हवी. वाहिनीने कंपनीला चर्चेत मानाचं पान द्यायचं आणि कंपनीने वाहिनीला जाहिराती, याला साटेलोटे हा शब्द चपखल. काही माध्यमसमूह जाहिरातीच्या जागेच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेत असत, आणि अशी भागीदारी वाचकांना कळलीच पाहिजे असा आग्रह शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१० मध्ये धरला. त्या व्यवहाराला 'प्रायव्हेट ट्रीटी' असं भारदस्त नाव होतं. आपल्याकडच्या आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, साटंलोटं आहे, सरळ सांगा ना.

पण तुमच्या पाहुण्याला तो शब्द लागत नाही. त्याने वाहिनीला काही दिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. 'लागेबांधे' सैल आहे, मेहुण्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना पुरतो. 'मिंधा' जास्त जवळचा. उपकाराखाली दबलेला, म्हणून तोंड न उघडणारा. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण याच घराण्यातली. मात्र मिंधा म्हटलं की आपण त्या माणसाच्या मनात शिरून निकाल दिला. त्याने कंपनीपायी खोटं सांगितलं का, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही.

अडचण इथेच आहे. आपल्या भाषेत दोष द्यायला शब्द भरपूर. दोष घडायच्या आधीच्या अवस्थेला शब्द नाही. हे तुम्हाला बाजार समितीतल्या उदाहरणाने लगेच पटेल. अडत्या शेतकऱ्याच्या वतीने माल विकतो, तेव्हा भाव चढवणं हे त्याचं काम. तोच दुसऱ्या नावाने माल घेऊ लागला तर भाव उतरवणं हेही त्याचंच काम झालं. त्या दिवशी त्याने कदाचित रास्त भाव दिलाही असेल. पण तो दोन खुर्च्यांवर बसलाय हे तुम्हाला माहीत असायला हवं. या बसण्याला मी 'दुहेरी बांधिलकी' म्हणतो. आरोप न करता वस्तुस्थिती सांगता येते, आणि आजोबांनाही समजतं. 'हितद्वंद्व' वगैरे संस्कृत घडणी मी करून पाहिल्या. परीक्षेत लिहायला बऱ्या.

तुमच्या प्रकरणात ही बांधिलकी कुठे फुटते तेही बघा, कारण वडिलांची 'गट्टी' अर्धीच खरी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली, आणि उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. या सगळ्या काळात बंदी नको, शुल्क नको, हे निर्यातदाराचं आणि तुमचं एकच म्हणणं. तिथे पाहुण्याने तुमचीच बाजू मांडली असणार. पण सूत्रसंचालकाने विचारलं, 'भाव चढतील की पडतील? शेतकऱ्याने आज माल काढावा का?' की वाटा वेगळ्या होतात. निर्यातदाराला कांदा स्वस्तात घ्यायचाय, तुम्हाला महागात विकायचाय. साठवणीच्या चाळीतला कांदा त्या एका उत्तरावर बाहेर निघतो किंवा आत राहतो.

शेअर बाजाराच्या बाबतीत हे कधीच ओळखलं गेलंय. सेबीचे २०१४ चे नियम आहेत: शेअर सुचवणाऱ्या विश्लेषकाने टीव्हीवरसुद्धा त्या कंपनीतला आपला आर्थिक हितसंबंध सांगायचा, अहवाल दिल्यास त्याआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरचा स्वतः व्यवहार करायचा नाही. कांद्याबद्दल बोलणाऱ्याला असं काही बंधन नाही, हे जरा विनोदीच आहे. नगरसेवकाचा महापालिकेच्या कंत्राटात हिस्सा निघाला तर त्याचं पद जातं. पाहुण्याचा निघाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं येतं.

मुलाला एक गोष्ट मात्र सांगा. प्रत्येक भानगडीला 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणायचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका व्यापारविषयक वाहिनीवर येणाऱ्या पाहुण्या तज्ज्ञांसह १५ जणांविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे ७.४१ कोटी रुपये जप्त करायला सांगितले. आरोप असा, की कार्यक्रमात कोणता शेअर सुचवणार हे आधीच काहींना कळायचं, ते घेऊन ठेवायचे, आणि प्रसारणानंतर भाव चढला की विकून मोकळे व्हायचे. हे खरं ठरलं तर त्याला लबाडी म्हणायचं. तिथे सौम्य शब्द वापरणं म्हणजे पाकीटमाराला 'खिशाशी दुहेरी बांधिलकी असलेला' म्हणणं.

परदेशात हे नाही असं समजू नका. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं, की अमेरिकी वाहिन्यांवर इराक युद्धाचं 'विश्लेषण' करणाऱ्या अनेक निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे संरक्षण कंत्राटदारांशी संबंध होते आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्याही नावाखाली हुद्दा होता. कंत्राटदाराचं नाव नव्हतं.

यालाच आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या म्हणीत आहे. ताक मागायला जाण्यात काही गैर नाही. सल्लागार असण्यातही नाही. भांडं पदराआड गेलं की प्रश्न येतो. म्हणून नुसत्या नात्याला 'दुहेरी बांधिलकी' म्हणा, आणि ते झाकलं असेल तर सरळ म्हण वापरा.

'पट्टी' या शब्दावरही तुमचं लक्ष वेधतो. लिलावानंतर तुमच्या हातात येते तीही पट्टीच. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं लिहिलेलं असतं. कुणी किती कापलं ते घरी येऊन वाचता येतं. वाहिनीच्या पट्टीवर फक्त बिरुद. जागा कमी असते, असं एका ओळखीच्या वृत्तनिवेदकाने मला ऐकवलं होतं. म्हणून तुमचं पत्र आल्यावर अक्षरं मोजली. 'शेती प्रश्नांचे ज्येष्ठ अभ्यासक', अकरा. 'निर्यात कंपनीचे सल्लागार', अकरा.