बॅज लावताना ब्रँच नेमून दे

प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलीत बिल्डचा बॅज, म्हणजे कोड नीट चालतोय की नाही ते दाखवणारी छोटी पट्टी, लावतो आहेस, छान! फक्त त्याच्या लिंकमध्ये ब्रँचचं, म्हणजे कोडच्या शाखेचं, नाव आठवणीने घाल. गिटहब ॲक्शन्स (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी गिटहबची सोय) एरवी डीफॉल्ट, म्हणजे मुख्य ब्रँचचीच स्थिती दाखवतं, पण तिथे एकही रन (तपासणीची फेरी) झालेला नसेल तर कुठल्याही ब्रँचचा शेवटचा निकाल उचलतं. मग कुणाच्या तरी अर्धवट कामापायी अख्खा प्रकल्प लाल दिसतो. बॅजवर क्लिक केल्यावर थेट वर्कफ्लोचं (आपोआप चालणाऱ्या त्या कामांचं) पान उघडलं पाहिजे, म्हणजे नेमकी कुठली टेस्ट फुटली ते बघता येतं. दहा बॅजांची रांग मात्र नको. बिल्ड आणि आवृत्ती, मला एवढे पुरेसे वाटतात. ट्रॅव्हिस-सीआय डॉट ऑर्ग या अशाच दुसऱ्या सेवेचा जुना बॅज राहिला असेल तर काढून टाक, ती साइट २०२१ मध्येच बंद झाली. आणि वर्कफ्लोच्या फाइलचं नाव बदललंस तर लिंकही लगेच बदल.