पीआयसीयूचं (लहान मुलांच्या आयसीयूचं) ट्रेनिंग संपत आलं, आता नोकरी कुठे?

प्रश्न: एमडी पीडियाट्रिक्सनंतर मी आता पीडियाट्रिक क्रिटिकल केअरचं डीआरएनबी (एमडीनंतरचं सुपरस्पेशालिटी शिक्षण) संपवतेय. पुण्या-मुंबईत सात-आठ ठिकाणी विचारलं, सगळीकडे ज्युनिअर कन्सल्टंट म्हणून या, नाईट करा, एवढंच. माझ्या गावाकडे, लातूरला, पगार चांगला देतायत पण मी एकटीच इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूची तज्ज्ञ, असणार. काय करू?

उत्तर: डॉक्टर, तुमची काळजी अगदी खरी आहे. मोठ्या शहरांत पीआयसीयू मोजकेच, त्यात सिनियर मंडळी आधीच बसलेली, त्यामुळे नवीन माणसाच्या वाट्याला नाईटच येतात. पण गरज संपलीय असं अजिबात नाही, ती जिल्ह्यांत आहे. २०२१ मध्ये कोरोनाची तिसरी लाट मुलांना गाठेल या भीतीनं केंद्रानं २३,१२३ कोटींचं पॅकेज काढलं, त्यात देशातल्या ७३६ जिल्ह्यांत मुलांची युनिट करायचं ठरलं. आता बेड आणि व्हेंटिलेटर विकत आणता येतात हो, पण ते चालवणारा डॉक्टर एमबीबीएसनंतर ३ वर्षं एमडी आणि वर अजून ३ वर्षं घासल्यावर तयार होतो.

तरी लातूरला लगेच हो म्हणू नका. पगाराआधी विचारा की रात्री ड्युटीवर रजिस्ट्रार (हाताखालचा डॉक्टर) कोण, व्हेंटिलेटरवरच्या मुलाला स्वतंत्र नर्स मिळते का, ब्लड बँक किती लांब, डायलिसिस लहान मुलांचं होतं का, आणि ॲडमिट झालेल्या मुलाचे निर्णय तुमचे की आणणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचे, कारण हे शेवटचं आधी ठरलं नाही तर रोज वाद होतात. पावसाळ्यात डेंग्यू शॉक, सर्पदंश, थंडीत ब्रॉन्किओलायटिसची (छातीतल्या बारीक श्वासनळ्या सुजलेली) बाळं, एकटा माणूस चोवीस तास फोनवर राहून हे फार दिवस ओढू शकत नाही, मी चांगले चांगले तरुण डॉक्टर दोन वर्षांत आयसीयू सोडून नुसती ओपीडी करताना पाहिलेत आणि फार वाईट वाटतं. दुसरा इंटेन्सिव्हिस्ट कधी घेणार ते लेखी घ्या, मिनिमम गॅरंटी, म्हणजे पेशंट कमी आले तरी मिळणारा ठरलेला पगार, किती महिने तेही.

आणि गावाकडे गेलं की काम छोटं होतं असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडच्या भागात राहूनच केलं.

लेखी काही मिळालंच नाही तर वर्षभर शहरात नाईट करा, बेडसाइड सोनोग्राफी आणि ब्रॉन्कोस्कोपीवर (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) हात बसवा, आणि बरोबरचा एखादा बॅचमेट तयार होतोय का बघा, दोघं मिळून गेलात तर लातूरच काय, नांदेडही जमेल.